दिसते तसे वाजते का?

गेल्या दिवाळीत माझ्या मावसभावाने आपल्या आठ वर्षांच्या जुन्या छोट्या मोटारीला नवा साज चढवायचे ठरवले. गाडी उत्तम चालत होती, परंतु तिचा मूळचा स्टिरिओ फारच साधा होता. रेडिओ, सीडी आणि एक मिणमिणता निळा पडदा, एवढाच त्याचा संसार. दुकानातील काचेच्या कपाटात नऊ इंची चकचकीत पडद्याचा, कडांना रंग बदलणारे दिवे असलेला एक देखणा स्टिरिओ त्याच्या मनात भरला. अठरा हजार रुपये मोजून त्याने तो त्याच संध्याकाळी बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी आम्ही सारे मावशीला घेऊन फिरायला निघालो. मावशीच्या आवडीची जुनी गाणी लागली. पडद्यावर चित्रे नाचत होती, दिवे सुरांबरोबर लुकलुकत होते. मावशीने थोडा वेळ ऐकले आणि शांतपणे म्हणाली, ‘अरे, दिसायला छानच आहे, पण लताबाई काही पहिल्यापेक्षा जवळ आल्या नाहीत.’

मावशीला वॅट, ओहम, डेसिबल यातले काहीही ठाऊक नाही. तरीही एका वाक्यात तिने कार स्टिरिओच्या खरेदीतील सर्वांत मोठी चूक दाखवून दिली. आपण पाहतो एक आणि ऐकतो दुसरेच. जो भाग डोळ्यांना दिसतो तो डॅशबोर्डमध्ये असतो. जो भाग कानांना ऐकू येतो तो दरवाजाच्या पत्र्याआड दडलेला असतो. पैसे बहुधा पहिल्यासाठी मोजले जातात आणि अपेक्षा मात्र दुसऱ्याकडून केली जाते.

मग देखणा स्टिरिओ घेऊच नये का? तसे मुळीच नाही. परंतु त्याची किंमत रास्त आहे की नाही, हे ठरवण्याची एक पद्धत आहे. ती समजून घेतली तर फसगत टळते.

देखणेपणाची जुनी परंपरा

मोटारीत संगीत रुळू लागले ते १९३० च्या सुमारास. अमेरिकेतील पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० मध्ये मोटारीत बसवता येईल असा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ असे नाव दिले. तेच नाव पुढे कंपनीने धारण केले. त्यानंतरच्या प्रत्येक टप्प्यावर या यंत्राने नवे रूप घेतले. १९६३ मध्ये फिलिप्सने छोटी कॅसेट आणली आणि काही वर्षांतच ती मोटारीत शिरली. १९८४ मध्ये मोटारीतील सीडी प्लेअर आले. १९९७ मध्ये पायोनियर कंपनीने आपल्या कार स्टिरिओत ओएलईडी प्रकारचा, स्वतः प्रकाशणारा पडदा बसवला. आज मोबाइल फोनमध्ये सर्रास दिसणाऱ्या या तंत्राचा बाजारात आलेला तो पहिला आविष्कार मानला जातो. २००० सालाच्या आगेमागे याच कंपनीच्या काही स्टिरिओंच्या पडद्यावर पोहणारे डॉल्फिन अनेकांना आठवत असतील. गाणे बाजूलाच राही आणि शेजारी बसलेला माणूस डॉल्फिनच पाहत राही!

त्याच काळात पुढची पट्टी काढून खिशात घालण्याची सोय असलेले स्टिरिओ लोकप्रिय होते. चोरट्यांना परावृत्त करणे हा त्यामागील मूळ हेतू. पण लग्नसमारंभात ती पट्टी टेबलावर सहज दिसेल अशी ठेवण्यातही एक ऐट होती. २०१४ मध्ये ‘अॅपल कारप्ले’ आणि पुढच्याच वर्षी ‘अँड्रॉइड ऑटो’ आले आणि फोनवरील नकाशे, गाणी, संभाषण हे सारे डॅशबोर्डवर अवतरले. तेव्हापासून स्टिरिओ म्हणजे मुख्यतः पडदा, असे समीकरण रूढ झाले.

गेल्या काही दशकांच्या प्रवासात एक गोष्ट फारशी बदलली नाही. बॅटरी बारा व्होल्टचीच राहिली आणि बहुतेक साध्या मोटारींच्या दरवाजातील स्पीकर कागदी पडद्याचेच राहिले. म्हणून चेहरा कितीही पालटला तरी आवाज जागचा हलत नाही.

खोक्यावरचे ‘४ x ५० वॅट’

दुकानदाराचे पहिले अस्त्र म्हणजे खोक्यावर ठळक छापलेला शक्तीचा आकडा. ‘चार गुणिले पन्नास वॅट’ हा त्यातला सर्वांत परिचित. हा आकडा येतो कुठून, हे समजण्यासाठी शाळेतले गणित पुरेसे आहे.

इंजिन चालू असताना मोटारीतील विजेचा दाब साधारणतः १४.४ व्होल्ट धरला जातो. बहुतेक स्पीकरचा विद्युतरोध चार ओहम असतो. स्टिरिओच्या आतील छोटा अॅम्प्लिफायर हा संपूर्ण दाब क्षणभरही न घसरू देता स्पीकरला पुरवू शकला, तर शक्ती किती? १४.४ चा वर्ग भागिले चार, म्हणजे सुमारे ५२ वॅट. खोक्यावरचे ‘पन्नास’ हेच. परंतु असा अखंड दाब देणे म्हणजे आवाजाच्या गोलाईदार लहरीचे माथे सपाट छाटून टाकणे. आपल्या बोलीत सांगायचे तर तो ‘फाटलेला’ आवाज. लहर न छाटता, शुद्ध स्वरूपात द्यायची तर सैद्धांतिक मर्यादाच निम्म्यावर, म्हणजे २६ वॅटवर येते. आतील घट वजा जाता प्रत्यक्षात प्रत्येक स्पीकरला वीस-बावीस वॅट मिळाले तरी चांगले म्हणायचे.

याचा अर्थ असा, की वेगळा अॅम्प्लिफायर नसलेल्या बहुतांश स्टिरिओंची खरी शक्ती जवळपास सारखीच असते. मग तो सहा हजारांचा असो वा साठ हजारांचा. खोक्यावर ‘६० वॅट’ किंवा ‘७० वॅट’ छापल्याने भौतिकशास्त्राचे नियम बदलत नाहीत. म्हणून माहितीपत्रकात ‘कमाल’ किंवा ‘पीक’ या शब्दापुढचा आकडा सोडून ‘आरएमएस’ या शब्दापुढचा आकडा पाहावा. ‘सीटीए-२००६’ या मानकाचा उल्लेख असेल तर अधिक चांगले. त्या मानकात १४.४ व्होल्ट, चार ओहम आणि एक टक्क्याहून अधिक विकृती नाही, अशा ठरावीक अटींवर शक्ती मोजली जाते. त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करता येते.

माहितीपत्रक हाताशी नसेल तर आणखी एक सोपी खूण आहे. स्टिरिओच्या मागे एक छोटा फ्यूज असतो. त्यावर दहा अँपिअर लिहिले असेल तर १४.४ गुणिले दहा, म्हणजे १४४ वॅटपेक्षा अधिक वीज ते यंत्र सतत घेऊच शकत नाही. त्यातलाही बराच भाग उष्णतेत जातो. जे यंत्र १४४ वॅट घेते ते दोनशे वॅट देणार कसे? आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!

शिवाय शक्तीच्या या शर्यतीत जिंकूनही फारसे हाती लागत नाही. वॅट दुप्पट झाले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, आणि कानांना तो दुप्पट मोठा वाटावा यासाठी शक्ती जवळजवळ दहापट लागते. याउलट तेवढ्याच वॅटमध्ये तीन डेसिबल अधिक आवाज देणारा स्पीकर निवडला, तर शक्ती दुप्पट केल्याचा लाभ आपसूक मिळतो. स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ या नावाने जो आकडा असतो तो हाच. ग्राहक क्वचितच तो विचारतात.

किंमत एक, भाग तीन

स्टिरिओची किंमत एकच आकडा म्हणून न पाहता तिचे तीन भाग करावेत. पहिला भाग रूपाचा, दुसरा सोयीचा आणि तिसरा आवाजाचा. प्रत्येक भागासाठी वेगळा प्रश्न विचारला की बराचसा गोंधळ दूर होतो.

रूपाच्या भागात पडद्याचा आकार, कडेचे दिवे, धातूची झळाळी, बटणांचे रंग हे सारे येते. सोयीच्या भागात कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो, मागचा कॅमेरा जोडण्याची व्यवस्था, स्टिअरिंगवरील बटणे चालू राहणे, ब्लूटूथवरील संभाषणाची स्पष्टता. आवाजाच्या भागात मात्र अशा गोष्टी येतात ज्या कपाटातल्या काचेतून दिसतच नाहीत.

त्यांपैकी सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत उपेक्षित सोय म्हणजे ‘टाइम अलाइनमेंट’. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजव्या दरवाजातला स्पीकर त्याच्या कानापासून समजा ९० सेंटिमीटरवर आहे आणि डाव्या दरवाजातला १४० सेंटिमीटरवर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. म्हणजे उजवीकडचा आवाज जवळजवळ दीड मिलिसेकंद आधी पोहोचतो. हा फरक क्षुल्लक वाटतो, परंतु मेंदूला तेवढा पुरतो. गायिका समोर उभी न राहता उजव्या दरवाजाच्या खिशात बसून गात आहे, असे वाटू लागते. टाइम अलाइनमेंट असलेला स्टिरिओ जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढाच मुद्दाम उशिरा सोडतो आणि गाणे काचेसमोर, मध्यभागी येऊन उभे राहते. मावशीच्या लताबाई ‘जवळ’ येण्याचा एक मार्ग हा आहे. काही मध्यम किमतीच्या, दिसायला अगदी साध्या स्टिरिओंमध्ये ही सोय असते. अनेक भपकेबाज यंत्रांत ती नसते.

दुसरी गोष्ट इक्वलायझरची. मोटारीची केबिन ही संगीत ऐकण्यासाठी बांधलेली खोली नव्हे. काचा तीव्र स्वर परतवतात, आसने मधले स्वर गिळतात आणि दरवाजे खालच्या स्वरांना थरथरून साथ देतात. हे दोष काही अंशी सुधारायचे तर तीन बटणांचा इक्वलायझर अपुरा पडतो. दहा-तेरा पट्ट्यांचा असेल तर हाताशी काही सामग्री येते. तिसरी गोष्ट ‘हाय-पास फिल्टर’ची. छोट्या स्पीकरला न पेलणारे अतिखर्ज स्वर हा फिल्टर अडवतो. त्यामुळे आवाज वाढवल्यावरही तो फाटत नाही आणि स्पीकरचे आयुष्यही वाढते.

‘प्री-आउट’चा व्होल्टेज हा आणखी एक मिरवण्याचा आकडा. पुढे कधी वेगळा अॅम्प्लिफायर जोडायचा असेल, तर दोनऐवजी चार व्होल्टचे प्री-आउट निश्चितच चांगले. कारण संदेश जितका सबळ तितकी इंजिनाची घरघर त्यात कमी मिसळते. मात्र अॅम्प्लिफायर घ्यायचाच नसेल तर या सोयीसाठी एक रुपयाही अधिक मोजण्यात अर्थ नाही.

तीच गत ‘२४ बिट’ आणि ‘हाय रिझोल्यूशन’ या शब्दांची. सीडीच्या १६ बिटांमध्ये सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला सामावतो. महामार्गावर धावणाऱ्या साध्या मोटारीत टायर, वारा आणि इंजिन यांचा मिळून ७० डेसिबलच्या आसपास गलका असतो. त्याच्यावर उरणाऱ्या पंचवीस-तीस डेसिबलमध्येच आपले संगीत नांदणार. तेथे २४ बिटांचे सूक्ष्म सौंदर्य शोधणे म्हणजे दादर स्थानकावर संध्याकाळी सहा वाजता कुजबुज ऐकण्यासारखे आहे. त्यापेक्षा दरवाजाच्या आतल्या पत्र्याला ‘डॅम्पिंग’ची पट्टी लावून घेतली तर तिचा परिणाम तत्काळ जाणवतो.

कानांची परीक्षा कशी घ्यावी?

दुकानातील फळीवर ओळीने मांडलेले स्पीकर आणि एकामागून एक बदलत जाणारे स्टिरिओ, ही परीक्षा फारशी विश्वासार्ह नसते. त्यामागे एक साधे मानसशास्त्र आहे. दोन सारख्याच आवाजांपैकी जो किंचित मोठा असेल तो आपल्याला ‘अधिक चांगला’ वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरकही पुरतो. महागडे यंत्र थोडे अधिक मोठ्याने लावले की गिऱ्हाइकाचे मत आपोआप बनते. म्हणून तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून मागावा आणि ‘लाउडनेस’, ‘बेस बूस्ट’ ही बटणे बंद करायला लावावीत.

दुकानदाराची गाणीही टाळावीत. ती मुद्दाम निवडलेली असतात. आपल्या ओळखीची, वर्षानुवर्षे ऐकलेली दोन-तीन गाणी फोनमध्ये चांगल्या प्रतीत घेऊन जावीत. आपल्याकडील संगीतासारखी कसोटी दुसरी नाही. तंबोऱ्याची जवारी सलग, मधमाश्यांच्या गुंजनासारखी ऐकू येते, की नुसती खरखर येते? तबल्याच्या चाटीवरचा बोल टणक आणि सुटा आहे का? डग्ग्याचा घुमार उमटून विरतो, की दरवाजाबरोबर बराच वेळ गदगदत राहतो? पंडित भीमसेन जोशींचा एखादा अभंग लावला तर टाळ, पखवाज आणि आवाज वेगवेगळे ओळखता येतात की एकमेकांत मिसळून जातात? शेवटी आकाशवाणीवरील बातम्या ऐकाव्यात. निवेदकाचा आवाज घशातून येतो असे वाटले तर उत्तम. मडक्यातून येतो असे वाटले तर कितीही रंगीत दिवे असोत, ते यंत्र आपल्या कामाचे नाही.

शक्य असल्यास ही परीक्षा दुकानात न घेता, तोच स्टिरिओ बसवलेल्या एखाद्या परिचिताच्या मोटारीत, इंजिन चालू ठेवून घ्यावी. फळीवरचा आवाज फळीवरच राहतो. घरी येते ती मोटार.

पडद्याच्या मोहापूर्वी

मोठ्या पडद्याच्या अनेक स्वस्त यंत्रांत आतमध्ये प्रत्यक्षात एक साधा अँड्रॉइड टॅबलेटच असतो. त्यात वाईट काही नाही. परंतु टॅबलेटचे दोषही त्याच्याबरोबर येतात. कालांतराने तो मंदावतो, सुरू व्हायला वेळ घेतो आणि त्याची प्रणाली अद्ययावत करणारे कुणी उरत नाही. कडक उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड साठ अंश सेल्सियसच्याही पुढे तापतो. घरात वापरायच्या दर्जाचा पडदा तेथे किती वर्षे तग धरेल, हा प्रश्न विचारायलाच हवा. याउलट कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटोवर चालणाऱ्या यंत्रात बुद्धी फोनची असते. फोन बदलला की स्टिरिओही बऱ्याच अंशी नवा होतो. दीर्घकाळ वापरायचे असेल तर हाच व्यवहार शहाणपणाचा.

पडदा भर दुपारी वाचता येतो का आणि रात्री गाडीचे दिवे लावताच आपोआप मंद होतो का, हे दोन्ही पाहावे. आवाज कमीजास्त करण्यासाठी फिरवायचे बटण आहे का, हेही पाहावे. हा जुन्या लोकांचा हट्ट नव्हे. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. गुळगुळीत पडद्यावरची खूण शोधण्यात दोन सेकंद गेले तर तेहतीस मीटर रस्ता आपण न पाहताच कापलेला असतो. हाताला न पाहता सापडणारे गोल बटण ही म्हणूनच चैन नसून सुरक्षितता आहे.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग वस्तू: वायर

आता मावसभावाच्या गोष्टीचा उत्तरार्ध. स्टिरिओ बसवल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात गाडी तीन दिवस इमारतीखाली उभी होती. चौथ्या दिवशी पहाटे मावशीला तपासणीसाठी इस्पितळात न्यायचे होते. किल्ली फिरवली तर गाडीने नुसता ‘टक’ असा आवाज काढला. बॅटरी पूर्ण उतरलेली! रिक्षा करून कशीबशी वेळ गाठली. नंतर जाणकार वायरमनने पाहिले तेव्हा उलगडा झाला.

स्टिरिओला विजेच्या दोन वायर लागतात. पिवळी वायर सतत चालू असते. तिच्यावर घड्याळ आणि स्मरणात ठेवलेली केंद्रे जिवंत राहतात. लाल वायर किल्लीबरोबर चालू-बंद होते. बसवणाऱ्याने वेळ वाचवण्यासाठी दोन्ही एकत्र पिळून बॅटरीच्या कायम चालू जोडणीला लावल्या होत्या. त्यामुळे किल्ली काढल्यावरही ते यंत्र अर्धे जागेच राहत असे. अशा अवस्थेत यंत्राने केवळ अर्धा अँपिअर वीज घेतली, तरी छोट्या मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सत्तर तासांत, म्हणजे तीन दिवसांच्या आतच रिकामी होते. गाडी सुरू न होण्याइतकी अशक्त तर त्याआधीच.

हा प्रकार फक्त गैरसोयीचा झाला. मूळ वायर कापून, हाताने पिळून, चिकटपट्टी गुंडाळलेले जोड याहून गंभीर ठरू शकतात. उन्हात चिकटपट्टीचा डिंक सुटतो, उघडी तार पत्र्याला लागते आणि शॉर्टसर्किट होते. योग्य जागी योग्य फ्यूज नसेल तर आग लागण्याचाही धोका असतो. शिवाय वायर कापल्याने गाडीच्या विद्युत यंत्रणेच्या वॉरंटीवरून कंपनीशी वाद होऊ शकतो. यावर उपाय अत्यंत सोपा आहे. आपल्या गाडीच्या मॉडेलसाठी तयार मिळणारा ‘कपलर’ वापरून, एकही वायर न कापता जोडणी करून घ्यावी. स्टिरिओच्या किमतीच्या मानाने कपलरचा खर्च नगण्य असतो. ‘कपलर लावून देणार का?’ या प्रश्नाला दुकानदार टाळाटाळ करू लागला तर दुकान बदलावे. मुंबईतील लॅमिंग्टन रोडपासून पुण्यातील नाना पेठेपर्यंत दुकानांना तोटा नाही.

काम झाल्यावर जुना स्टिरिओ मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. जुनी गाडी विकताना महागड्या स्टिरिओची किंमत क्वचितच वसूल होते. तेव्हा जुना बसवून नवा काढून घेता येतो. पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड यांचा आग्रह धरावा. ‘इम्पोर्टेड माल आहे, बिल कशाला?’ असे म्हणणारा विक्रेता खरे तर वॉरंटीचे पैसे आपल्याकडून आधीच घेत असतो, फक्त वॉरंटी देत नसतो.

नव्या गाडीच्या बाबतीत

अलीकडच्या अनेक मोटारींत पडदा डॅशबोर्डचाच भाग असतो. वातानुकूलन आणि गाडीच्या इतर मांडण्याही त्यावरूनच चालतात, त्यामुळे तो बदलता येत नाही. तेथे प्रश्नाचे रूप वेगळे असते. मोठ्या पडद्यासाठी आणि नामांकित ब्रँडच्या स्पीकरसाठी वरच्या श्रेणीची गाडी घ्यावी का? येथेही तोच विवेक लागू पडतो. दोन श्रेणींच्या किमतीतील फरकातून मिश्रधातूची चाके, आसनांचे आवरण यांसारख्या नको असलेल्या गोष्टी वजा कराव्यात आणि उरलेल्या रकमेत खालच्या श्रेणीच्या गाडीला चांगले स्पीकर आणि डॅम्पिंग करता येईल का, हे पाहावे. अनेकदा येते, आणि तेही मूळ पडद्याला हात न लावता.

रूपालाही मोल आहे

एवढे सारे सांगितल्यावर रूपाचा अव्हेर करावा, असे मात्र म्हणायचे नाही. माणूस रोज तास-दीड तास वाहतुकीच्या कोंडीत डॅशबोर्डकडे पाहत बसतो. ते दृश्य सुखद असावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. काही वेळा तर रूप हेच काम असते. जर्मनीच्या पोर्श कंपनीने २०२० मध्ये आपल्या जुन्या मोटारींसाठी एक खास स्टिरिओ आणला. दोन गोल बटणे आणि मध्ये छोटा स्पर्शपडदा असलेल्या या यंत्राची किंमत चौदाशे युरोंच्या आसपास होती. केवळ आवाजाच्या तराजूत तोलले तर ही किंमत भरमसाट ठरेल. परंतु अनेक दशकांपूर्वीच्या मोटारीचे अंतरंग न बिघडवता तिला आजचे नकाशे आणि फोन मिळावेत, हीच ज्याची गरज आहे त्याच्यासाठी ते रूपच उपयुक्त आहे. काय विकत घेतो आहोत हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून त्याची फसवणूक होत नाही.

फसवणूक होते ती रूपाचे पैसे आवाजाच्या नावाने मोजले जातात तेव्हा. म्हणून पैसे देण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: याच यंत्राचा पडदा झाकून ठेवला, तर मी याला किती रुपये देईन? जे उत्तर येईल ती त्याच्या आवाजाची किंमत. उरलेली रक्कम रूपासाठी आणि सोयीसाठी आहे. ती देण्यात आनंद वाटत असेल तर खुशाल द्यावी. वाटत नसेल तर तीच रक्कम दरवाजाआडच्या स्पीकरकडे वळवावी.

समजा, एकूण पंचवीस हजार रुपये खर्चायचे आहेत. माझ्या मते त्यातील दहा-अकरा हजारांहून अधिक स्टिरिओवर घालवू नयेत. आठ-नऊ हजारांत पुढच्या दोन दरवाजांसाठी चांगले स्पीकर घ्यावेत. मागच्या स्पीकरची घाई नसते, कारण ऐकणारा बहुधा पुढेच बसलेला असतो. उरलेल्या रकमेत पुढच्या दरवाजांचे डॅम्पिंग, कपलर आणि अनुभवी माणसाची मजुरी बसवावी. ही विभागणी काही शास्त्रवचन नव्हे. पण सारी रक्कम पडद्यावर उधळण्यापेक्षा तिचे फळ नक्कीच गोड असते.

मावसभावाने तो देखणा स्टिरिओ परत केला नाही. दुकानदाराने तो घेतलाही नसता. त्याने वायरिंग कपलर लावून नव्याने करून घेतले, दोन महिने थांबून पुढचे दोन स्पीकर बदलले आणि दरवाजांना डॅम्पिंग करून घेतले. कडेचे रंगीत दिवे त्याने आता बंदच ठेवले आहेत. रात्री ते काचेत चमकून त्रास देतात. मागच्या महिन्यात मावशी पुन्हा गाडीत बसली. तेच गाणे लागले. या वेळी ती काहीच बोलली नाही. डोळे मिटून, गाणे संपेपर्यंत ऐकत राहिली.